ब्याऐंशी किलो चारशे ग्रॅम

जी सायकल जागची हलत नाही तिला सायकल का म्हणावे, हा पहिल्या मजल्यावरच्या थोरल्या वहिनींचा, म्हणजे थोरल्यांचा, पहिला प्रश्न होता. आणि त्याचे समाधानकारक उत्तर त्या इमारतीतील एकाही पुरुषाने आजतागायत दिलेले नाही. दुसरा प्रश्न असा, की ती आणायचीच होती तर आणणाऱ्याने स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगाशेजारी का ठेवली नाही. याचे उत्तर मात्र थोरल्यांना ठाऊक होते. आणणाऱ्याच्या बायकोने तिला उंबऱ्याच्या आत येऊ दिले नव्हते.

आणणारे म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य. त्यांना सडपातळ म्हणणे हा सडपातळपणाचा अपमान ठरला असता. त्यांचा पांढरा कोट त्यांच्या अंगावर असण्यापेक्षा खुंटीवर असताना अधिक भरलेला दिसे. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडांत डोकावून या गृहस्थांची अशी समजूत झाली होती, की समोरचा माणूस उत्तर देऊ शकत नाही म्हणजे त्याला आपले म्हणणे पटले आहे. व्यायामावर ते जिन्यात बोलत, लिफ्टमध्ये बोलत, आणि कोणाच्या हातात जड पिशवी असेल तर ती न घेता, पिशवी उचलण्याची शास्त्रशुद्ध पद्धत कोणती यावर बोलत.

त्यांची ती न हलणारी सायकल एके सकाळी तळमजल्यावरच्या दुपारच्या खोलीत येऊन उभी राहिली, आणि थोरल्यांचे डोके फिरले.

दुपारच्या खोलीविषयी थोडे सांगितले पाहिजे. कारण पुरुषांना ती रिकामी खोली वाटत असे, आणि सगळ्या भांडणाचे मूळ तेच होते. विजेच्या मीटरांच्या कपाटाला लागून असलेली ती एक लांबट खोली. आत वेताच्या सहा खुर्च्या, एक बाक, आणि फिरताना कण्हणारा एक पंखा. खिडकीतून मागची भिंत दिसे आणि दुसरे काहीही दिसत नसे. पण दुपारी दोन ते चार या वेळात इमारतीतील बायका तिथे जमत, आणि त्या दोन तासांत त्यांच्याकडे कोणी चहा मागत नसे. घराघरांत निवृत्त झालेले नवरे होते. निवृत्त नवरा म्हणजे काय, हे ज्या घरात तो नाही त्या घराला समजावून सांगता येत नाही. तो दर अर्ध्या तासाने स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो आणि विचारतो, "काय चाललंय?"

त्या खोलीत कोणी हे विचारत नसे. सासवा आपापल्या सुनांविषयी तिथेच बोलत, आणि सासवा डुलक्या घेऊ लागल्या की सुना सासवांविषयी बोलत. चौथ्या मजल्यावरच्या गणिताच्या मास्तरीणबाई नवरा गेल्यानंतर वर्षभर गप्प होत्या. त्या पुन्हा पहिल्यांदा हसल्या त्या याच खोलीत, आणि तेही थोरल्यांच्या यजमानांच्या घोरण्याच्या नकलेवर. अशा खोलीला रिकामी म्हणणाऱ्या माणसाचे डोळे तपासून घ्यायला हवेत.

इमारतीचे सेक्रेटरी हे थोरल्यांचे सख्खे धाकटे दीर. थोरली पाती पहिल्या मजल्यावर, धाकटी दुसऱ्यावर. ज्या दिराला थोरल्यांनी लग्नानंतर पहिली चार वर्षे जेवू घातले, ज्याच्या शर्टांची बटणे लावली, त्याने आपल्याच वहिनीच्या खोलीत परक्याची सायकल येऊ द्यावी, याला थोरल्यांच्या शब्दकोशात एकच शब्द होता आणि तो त्या चारचौघांत उच्चारत नसत.

"भाऊजी," त्या जिन्याच्या मधल्या पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, "ती वस्तू संध्याकाळच्या आत बाहेर काढा."

"वहिनी, असं नाही काढता येत. डॉक्टरांनी रीतसर प्रस्ताव दिलाय. सभेत ठेवावा लागेल."

"दातांचे डॉक्टर ते. त्यांना गुडघ्यांशी काय करायचंय?"

"आरोग्य सगळ्यांचंच असतं ना, वहिनी."

"खोलीसुद्धा सगळ्यांचीच असते. पण तिथं बसायला तुम्ही कधी आलात? तुम्हांला घरात आयतं मिळतं म्हणून?"

भाऊजींनी चष्मा पुसला. अडचणीत सापडले की ते चष्मा पुसत, त्यामुळे त्यांचा चष्मा इमारतीत सर्वांत स्वच्छ होता.

सभा झाली. सभेत दंतवैद्य तासभर कॅलरीवर बोलले. माणूस किती जाळतो आणि किती साठवतो, हे त्यांनी हातवारे करून दाखवले. या इमारतीतील लोक एकूण किती जाळत असतील असा त्यांनी प्रश्न टाकला, आणि स्वतःच उत्तर दिले, "नगण्य!" थोरल्या पुढच्या रांगेत ताठ बसल्या होत्या. त्यांनी चारही मजल्यांना ऐकू जाईल असे विचारले, की सकाळी उठल्यापासून चार माणसांचे अंथरूण, पांघरूण, धुणे, भांडी, पाणी आणि जिना करणारी बाई नेमकी किती जाळते. दंतवैद्य म्हणाले, ते घरकाम झाले, व्यायाम नव्हे. त्यात हृदयाचे ठोके पुरेसे वाढत नाहीत.

"माझे या क्षणी वाढले आहेत," थोरल्या म्हणाल्या.

भाऊजी जन्मभर विम्याच्या कचेरीत होते. आकड्यांवर त्यांची अशी श्रद्धा होती की दोन माणसे भांडत असली तर मध्ये एखादा आकडा ठेवला म्हणजे भांडण मिटते, असे ते मानत. त्यांनी तोडगा काढला. एक महिनाभर सायकल खोलीत राहील. ज्याला हवे त्याने चालवावी, आणि यंत्राने दाखवलेल्या कॅलरी फळ्यावर आपल्या नावापुढे लिहाव्यात. महिनाअखेर सर्वांची बेरीज एक लाखाच्या वर गेली, तर इमारतीला व्यायामशाळेची गरज आहे हे सिद्ध होईल. खुर्च्या गच्चीवर जातील. लाख भरले नाहीत, तर सायकल तिच्या मालकाच्या घरी जाईल, मग मालकाची बायको काहीही म्हणो.

ठराव मंजूर झाला. थोरल्यांनी विरोधात हात वर केला आणि सभा संपल्यावरही खाली घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता त्यांनी बायकांना बजावले, "या यंत्राला कुणीही पाय लावायचा नाही. पुरुष आठवडाभर उड्या मारतील आणि दमतील. लाख सोडा, त्यांची दहा हजारांपर्यंत मजल जायची नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलावणे हा थोरल्यांसमोर करायचा सर्वांत सोपा व्यायाम होता आणि तो सगळ्यांना येत असे.

पण घर फिरले की घराचे वासेही फिरतात. चार दिवसांत फळ्यावर पहिले बायकी नाव उगवले, आणि ते थोरल्यांच्या जाऊबाईंचे होते. थोरल्यांनी जाब विचारला, तेव्हा जाऊबाई डोळे मोठे करून म्हणाल्या, "ताई, एकदाच बसले हो. ब्लाउज शिवायला टाकलाय, त्या शिंप्यानं माप घेताना हुंकार दिला. काही बोलला नाही, नुसता हुंकार. मला सहन नाही झालं."

मग तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलीणबाई बसल्या. मग थोरल्यांची सूनबाई बसली, आणि तीही सासूबाईंच्या डोळ्यांदेखत, कारण तिने म्हणे ऑफिसात कुणाशी पैज लावली होती. थोरल्यांचा हा स्वतःच्या घरातला पराभव होता. तो त्यांनी पचवला नाही, फक्त गिळला.

आणि तेव्हाच दंतवैद्यांनी ते वाक्य उच्चारले. जिन्यात त्यांची आणि थोरल्यांची गाठ पडली. ते गळ्यात टॉवेल अडकवून वर येत होते. मान वाकवून, अत्यंत आदराने, ते म्हणाले, "तुम्ही मात्र बसू नका हं, वहिनी. तुमच्या वयाला नाही जमायचं."

त्या दिवसापासून थोरल्या रोज बसू लागल्या.

पदर खोचून, चपला दाराशी काढून, ओठ घट्ट मिटून त्या खोगिरावर चढत आणि समोरच्या भिंतीवर दंतवैद्यांचा चेहरा आहे असे समजून पाय मारीत. चढताच ते यंत्र एका चौकोनात आकडा मागे: वजन. हा उद्धटपणा थोरल्यांना पहिल्याच दिवशी झोंबला. ओळख नाही, पाळख नाही, 'बसा' म्हणायची रीत नाही, आणि एकदम वजन! त्यांनी त्यात सत्तेचाळीस हा आकडा घातला. लग्न होऊन या घराण्यात आल्या तेव्हा त्यांचे वजन सत्तेचाळीस किलो होते, आणि त्यात फेरफार झाल्याची अधिकृत नोंद त्यांनी कोणाकडेही केलेली नव्हती.

यजमान पेपरातून डोके वर काढून म्हणाले, "अगं, तू रोज पाय मारतेस ते जमा कुणाच्या खात्यात होतं? तुझी खोली घालवायच्याच खात्यात ना?"

"माझ्या चार-सहा कॅलरींनी काही लाख होत नाहीत."

"मग मारतेस कशाला?"

"तुम्ही पेपर वाचा."

पण फळ्यावरची बेरीज वाढत होती, आणि भयंकर वाढत होती. तिसऱ्या आठवड्यात तिने असा वेग धरला की थोरल्यांची झोप उडाली. मास्तरीणबाईंसकट सगळ्याच बायकांची नावे एव्हाना फळ्यावर आली होती, पण त्यांच्यापुढे एकेक आकडा किरकोळ होता. पुरुषांच्या नावांपुढे मात्र असे आकडे होते, की जणू ही माणसे रोज खोगिरावरून उठून थेट डोंगर फोडायला जात होती. भाऊजी, जे दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दोनदा थांबत, ते सूनबाईच्या दुप्पट जाळत होते. आणि सर्वांच्या वर होते दंतवैद्य. त्यांनी इतके जाळले होते की तेवढे जळण त्यांच्या देहात मुळात आले कुठून, हाच प्रश्न होता.

थोरल्यांना गणिताची आवड नव्हती. पण पाणी कुठे मुरते ते त्यांना वासावरून कळे. एका सकाळी दंतवैद्य उतरले आणि त्यांच्या पाठोपाठ, यंत्र झोपण्याच्या आत, थोरल्या चढल्या. चौकोनात आधीच्या स्वाराचा आकडा अजून उभा होता. एकशे दहा.

त्या मास्तरीणबाईंना हाताला धरून खाली घेऊन आल्या.

"हे काय आहे?"

मास्तरीणबाईंनी चौकोनाकडे पाहिले, मग दाराकडे पाहिले, आणि हसू दाबले. "थोरल्या वहिनी, हे यंत्र घाम मोजत नाही. तुम्ही सांगाल ते वजन घेतं, किती वेळ पाय मारले ते घेतं, आणि एका ठरीव आकड्यानं गुणतं. एवढंच. जड माणसाला तेच काम करायला जास्त जाळावं लागतं, असा त्याचा अंदाज. वजन दुप्पट सांगा, कॅलरी दुप्पट."

"म्हणजे तो काटकुळा एकशे दहा किलोंचा होऊन बसतो?"

"तसं दिसतंय खरं."

थोरल्यांच्या रागाला आजवर नुसती धग होती. आता ज्वाळा आली. त्यांनी प्रथम योग्य मार्गाने जायचे ठरवले, कारण थोर घराण्यातील माणसे आधी योग्य मार्गानेच जातात आणि तिथे तोंडावर आपटतात. यंत्रावर कंपनीचा क्रमांक होता. त्यांनी फोन लावला. एका ध्वनिमुद्रित मुलीने त्यांना एक दाबा, दोन दाबा, चार दाबा असे सांगितले, मग संगीत ऐकवले, मग पुन्हा एक दाबायला सांगितले. अर्ध्या तासाने एक जिवंत तरुण मिळाला.

"मॅडम, कॅलरीचे आकडे अंदाजे असतात."

"अंदाजे म्हणजे खोटे."

"नाही मॅडम. ते फक्त प्रोत्साहनासाठी असतात."

"माझ्या घरात मीठ अंदाजे घालतात. पण आमटी खारट झाली तर मी तिला प्रोत्साहन म्हणत नाही."

"मॅडम, आपली तक्रार मी पुढे पाठवतो. आपलं वय आणि वजन सांगाल का?"

थोरल्यांनी फोन ठेवला नाही; तो आदळला. यजमानांनी पेपराचे पान उलटणे पुढे ढकलले.

महिना संपला त्या संध्याकाळी सभा भरली. फळ्यावरची बेरीज लाखाच्या वर तीन हजारांनी गेली होती. दंतवैद्यांनी नवा सदरा घातला होता. भाऊजी ठराव वाचायला उभे राहिले, तोच थोरल्या उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, आपलं वजन काय?"

"माझं? का बरं?"

"यंत्राला तुम्ही एकशे दहा सांगता. आम्हांलाही सांगा. की आम्ही यंत्राहून परके?"

सभेत हालचाल झाली. दंतवैद्यांनी कॉलर सारखी केली. "तो... तो माझा उद्दिष्टाचा आकडा आहे. मला स्नायू वाढवायचे आहेत. आपण ध्येय डोळ्यांसमोर ठेवून..."

"उद्या मीही ध्येय डोळ्यांसमोर ठेवून स्वतःला वीस वर्षांची म्हणेन. चालेल?"

मागून कोणीतरी खोकले. थोरल्यांचा मोहरा दिराकडे वळला. "आणि भाऊजी, आपण?"

भाऊजींनी चष्मा काढला. "मी... वहिनी, डॉक्टर म्हणाले सगळे थोडं वाढवूनच घालतात, म्हणून मी... शंभर."

"ज्याला मी चार वर्षं वाढून वाढून थकले आणि ज्याच्या अंगाला लागलं नाही, तो शंभर किलो! सगळा हिशेब खोटा आहे. खऱ्या वजनानं पुन्हा मांडा. मास्तरीणबाई, होईल ना?"

"होईल. प्रत्येकाचा आकडा सांगितलेल्या वजनानं भागायचा आणि खऱ्यानं गुणायचा."

दंतवैद्य म्हणजे दातांतल्या फटी शोधण्यात हयात गेलेला माणूस. त्यांना फट दिसलीच. ते हळूच म्हणाले, "जरूर. पण मग सगळ्यांचंच. पुरुषांचं आणि बायकांचंही. इथं. सर्वांसमोर."

खोलीत पंख्याचे कण्हणे एकदम मोठे झाले.

समोरच्या पार्सलच्या दुकानातून काटा आणवला गेला. खोकी तोलायचा तो काटा. वर घड्याळाएवढी तबकडी, आणि तिच्यावरचा लाल काटा दारात उभ्या असलेल्या माणसालाही स्पष्ट दिसावा असा. तो खोलीच्या मध्यभागी ठेवला गेला तेव्हा बायकांच्या बाजूला एक एक पाऊल आपोआप मागे पडले. जाऊबाई थोरल्यांच्या कानाशी कुजबुजल्या, "ताई, हे काय करून बसलात? मी बावन्न लिहिलंय हो. बावन्न! जाऊ द्या ती खोली. माझ्याकडे बसत जाऊ."

"तुझ्याकडे भाऊजी असतात," थोरल्या म्हणाल्या.

हा मुद्दा बिनतोड होता.

थोरल्यांनी बायकांकडे पाहिले. मास्तरीणबाई, सूनबाई, वकिलीणबाई, सगळ्या जमिनीकडे पाहत होत्या. आपण होऊन एकही पुढे होणार नाही हे त्यांना कळले, आणि त्याचबरोबर हेही कळले की पुढे कोणी व्हायचे. ज्या बाईने आपले वजन डॉक्टरांना सांगितले नाही, विमा कंपनीला सांगितले नाही, आणि यजमानांना तर विचारण्याची हिंमतच झाली नाही, ती बाई आपल्या दिरासमोर, सुनेसमोर आणि एका दातांच्या डॉक्टरासमोर खोक्यांच्या काट्यावर चढणार होती. रागाने त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्यांनी चपला काढल्या, पदर सारखा केला, आणि तुळशीवृंदावनावर दिवा ठेवावा इतक्या सावकाश त्या काट्यावर चढल्या.

लाल काटा धावला, थबकला, थरथरला आणि स्थिरावला.

भाऊजींनी वाचले, पण मनातल्या मनात.

"मोठ्यानं," थोरल्या म्हणाल्या.

"ब्याऐंशी," भाऊजी पुटपुटले.

"मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही."

"ब्याऐंशी किलो!"

"पुढे?"

"वहिनी, पुढचं राहू द्या..."

"पुढे!"

"चारशे ग्रॅम."

"तेही लिहा. हिशेब पूर्ण असावा. आणि यंत्राला मी सत्तेचाळीस सांगितलं होतं, तेही लिहा."

कोणी हसले नाही. कोणी हसले असते तर त्याचे काय झाले असते, याचा विचार त्या खोलीतल्या प्रत्येकाने स्वतंत्रपणे केला होता. थोरल्या उतरल्या आणि खाली उतरून अधिक उंच दिसल्या. मग मास्तरीणबाई पुढे झाल्या. मग सूनबाई, हनुवटी वर करून, हुबेहूब सासूसारखी. वकिलीणबाई चढल्या आणि म्हणाल्या, "माझंही ग्रॅमांसकट." जाऊबाईंनी डोळे मिटून घेतले, पण चढल्या, आणि त्यांचे बावन्न चौऱ्याहत्तर झाले तेव्हा डोळे उघडून नवऱ्याला म्हणाल्या, "आवाज चढवून वाचा, तुमच्याच घरचं खाऊन झालंय."

पुरुषांची पाळी आली तेव्हा मजा पाहण्यासारखी होती. भाऊजी शंभरावरून अडुसष्टावर उतरले. दंतवैद्य खिशातल्या किल्ल्या काढायला मुद्दाम विसरले तरी काटा अठ्ठावन्नाच्या पुढे हलेना. थोरल्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि महिनाभरात पहिल्यांदा त्यांच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली होती. पुरुषांची पापे उघडी पडली होती. लाख आता कुठले भरते?

मास्तरीणबाई खडू घेऊन फळ्यासमोर उभ्या राहिल्या. भागले, गुणले, पुसले, पुन्हा मांडले. पुरुषांची बाजू कोसळली. दंतवैद्यांचा डोंगर टेकडी झाला. बायकांकडून एक सुस्कारा निघाला. मग मास्तरीणबाई बायकांच्या बाजूला आल्या, आणि त्यांचा खडू मंदावला. भागत होत्या, गुणत होत्या, आणि प्रत्येक बाईचा आकडा फुगत होता. शेवटी त्यांनी खाली रेघ मारली, बेरीज लिहिली आणि फळ्याकडेच तोंड करून उभ्या राहिल्या.

"काय झालं?" थोरल्या म्हणाल्या.

"एक लाख दोनशे."

"अशक्य."

"पुरुषांनी जितकं चढवलं होतं ते गेलं, वहिनी. पण आपण सगळ्यांनी जितकं उतरवलं होतं, ते परत आलं." मास्तरीणबाईंचा आवाज खोल गेला. "दोनशेच जास्त. आणि तुमच्या एकटीच्या दुरुस्तीचे अकराशे आहेत."

म्हणजे थोरल्या काट्यावर चढल्या नसत्या, तर खोली राहिली असती.

यजमान दाराशी उभे होते. 'मी सांगत नव्हतो?' हे त्यांच्या ओठांपर्यंत आले असावे. पण चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी जे थोडेसे शहाणपण मिळवले होते, ते त्यांनी त्या क्षणी सगळेच्या सगळे खर्च केले. ते गप्प राहिले. दंतवैद्य मात्र गप्प राहण्यासाठी जन्मले नव्हते. ते म्हणाले, "बघा वहिनी! विज्ञान कुणाचं ऐकत नाही." त्याच रात्री जेवणाच्या आधी दोन माणसे आली आणि सहा खुर्च्या आणि बाक गच्चीवर नेऊन ठेवले.

थोरल्या त्या रात्री जेवल्या, आणि नेहमीपेक्षा जास्त जेवल्या. सूनबाईने "आई, बरं वाटतंय ना?" असे विचारले. त्यावर त्या इतकेच म्हणाल्या, "वाढ."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता, चपला दाराशी काढून, थोरल्या खोलीत शिरल्या. मागोमाग बाकीच्या आल्या, आणि बसायला काही नाही हे पाहून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. खोलीच्या मध्यभागी, खुर्च्यांच्या जागी, ती न हलणारी सायकल उभी होती. थोरल्या खोगिरावर चढल्या, हँडलकडे पाठ करून बायकांकडे तोंड करून बसल्या, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, "हं. वकिलीणबाई, तुमच्या नणंदेचं काय झालं ते अर्धंच राहिलं होतं."

नणंदेचे प्रकरण रंगात आले होते, तोच दारावर टकटक झाली. आखूड चड्डी, गळ्यात टॉवेल, दंतवैद्य. त्यांनी आतले दृश्य पाहिले आणि न बोलता दुसऱ्या मजल्यावर गेले. पाच मिनिटांनी भाऊजींना पुढे घालून परत आले.

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "ठराव झालाय. ही आता व्यायामशाळा आहे."

"मी कुठं नाही म्हणते? मी व्यायाम करते आहे."

"पण पायडल तर फिरत नाहीये."

"दम खाते आहे. माझ्या वयाला एवढा दम लागतो. डॉक्टरांनाच विचारा, त्यांनीच सांगितलं होतं."

"किती वेळ लागेल?"

"चार वाजेपर्यंत."

"रोज?"

"रोज."

भाऊजींनी चष्मा पुसायला घेतला, आणि मग, कोणास ठाऊक कसे, आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "वहिनी, हे असं चालायचं नाही. तुम्ही उतरता, की आम्ही..."

"की तुम्ही काय?" थोरल्यांनी अगदी थंडपणे विचारले. "उचलणार? उचला. माझं वजन काय आहे, हे तुम्हीच काल चारही मजल्यांना वाचून दाखवलंत. ग्रॅमांसकट."

भाऊजींनी दंतवैद्यांकडे पाहिले. अठ्ठावन्न किलोंच्या दंतवैद्यांनी आपल्या दंडांकडे पाहिले, मग थोरल्यांकडे पाहिले, आणि टॉवेल गळ्यातून काढून हातात घेतला.

"दार लावून घ्या," थोरल्या म्हणाल्या. "आणि भाऊजी, गच्चीवरच्या खुर्च्या खाली पाठवा. बायका उभ्या आहेत."